हिरव्या पोलिसगाडीची शिवण

बसवकल्याणच्या ऑटोनगरात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि दुकानाच्या भिंतीला लागून पंचशीला मेहकरेचा पत्र्याचा शेड आहे. मी तिला अक्का म्हणतो, ती मला अण्णा. वयानं ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण आमच्याकडं बाईमाणसाला अक्का म्हणायची रीत आहे. ट्रकच्या सीटा, जीपचे हूड, ट्रॅक्टरची छतं, ऊसतोडणीच्या मशीनवर टाकायच्या ताडपत्र्या, असलं जाड कापडाचं काम ती करते. ऑटोनगरात गॅरेजं पुष्कळ आहेत, पण शिलाई मशीनवर बसणारी बाई ती एकटीच.

हे काम तिनं बापाकडून घेतलं. बाप ग्यानबा भालकी तालुक्यातल्या मेहकरचा. खेड्यापाड्यांत जीपशिवाय दुसरी गाडी नव्हती त्या काळात तो जीपांचे हूड शिवायचा. त्याला मुलगा नव्हता म्हणून पोरगी शिकली असं लोक सांगतात, ते खरं नाही. दोन मुलगे होते. एक हैदराबादला गेला, एक पुण्याला. दाभण धरायला पोरगीच बसली, कारण तिला ते आवडायचं. अजूनही एखादी जुनी सीट समोर आली की ती आधी उलटी करून शिवण बघते आणि म्हणते, "हे उदगीरच्या माणसाचं काम हाय," किंवा, "घाई केल्याय." नवरा राजपाल ट्रकवर ड्रायव्हर आहे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलगी प्रेरणा बिदरला इंजिनियरिंग करते.

अक्काला घाणीचं काही वाटत नाही. ट्रकच्या सीटखाली काय काय निघतं ते मी बघितलंय. ती हातानं काढते, हात धुते आणि भाकरी खायला बसते. आम्ही मात्र सोवळी माणसं. घरात रोज लिंगपूजा होते, आणि बाराव्या शतकात शरणांनी याच कल्याणात जात मोडली हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. तरी माझ्या दुकानात दोन प्रकारचे कप असायचे. पुढं कागदी कप निघाले आणि माझी सोय झाली. सगळ्यांना एकसारखे, प्यायचे आणि टाकायचे. अक्काला हे कळत नव्हतं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

दोन वर्षांखाली कलबुर्गीचे विरुपाक्षप्पा माझ्या दुकानात आले. त्यांच्या तीन डाळमिला आहेत, आणि नात्यानं ते माझ्या बायकोचे लांबचे मामा लागतात. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक. मिलच्या मागं मोठ्या शेडमध्ये अकरा गाड्या झाकून ठेवल्यात. बारावी त्यांना हैदराबादच्या बाहेर एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत मिळाली होती. कुण्या जर्मन इंजिनियरनं पूर्वी आणलेली, मग हातोहात फिरत कोंबड्यांत जाऊन पडलेली. जर्मन पोलिसांची उघडी गाडी. पुढून बीटलसारखी गोल, इंजिन मागं, वर कापडाचा हूड. आणि तिला लोखंडी दारंच नव्हती. दाराच्या जागी जाड कापडाचे पडदे, बाजूला पट्ट्यांनी अडकवायचे. पोलिसाला पटकन उडी मारता यावी म्हणून तसं केलेलं असणार. पत्रा आणि इंजिनाचं काम मामांनी कलबुर्गीत करून घेतलं होतं, गर्द हिरवा रंगही दिला होता. राहिली होती ती शिलाई, म्हणून गाडी ट्रकवर घालून इथं आणली होती.

"संगमेश, तुझ्या शेजारी ती बाई हाय म्हणं," मामा म्हणाले. "तिचा हात चांगला हाय म्हणून ऐकलंय."

मी अक्काला हाक मारली आणि गाडी जर्मन पोलिसांची आहे म्हणून सांगितलं. तिनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पडद्याचं कुजलेलं टोक बोटात धरून टाके मोजले आणि मग विचारलं, "ही त्या हिटलरच्या पोलिसांची न्हाई ना?"

मामा हसले. "तुला हिटलर ठाव हाय व्हय?"

"प्रेरणाच्या पुस्तकात होतं. गाडीत घालून माणसं न्यायचे. तसली असंल तर मला नको."

दिवाळीच्या सुट्टीत प्रेरणा आली होती. दोघींनी मागची सीट उचलली. खाली उंदरांचं घर. काथ्या, कोंबडीचं वाळलेलं शेण, पिसं, आणि त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली सात पिल्लं. मी तोंड फिरवलं. अक्कानं ती ओंजळीत घेऊन मागच्या गवतात नेऊन ठेवली. सीटखालच्या लोखंडावर नंबर ठोकलेला होता. प्रेरणानं तो पुसला, फोटो काढला आणि फोनवर अर्धा तास शोधलं.

"आई, एकोणपन्नासची हाय," ती म्हणाली. "लढाई संपल्यावरची. नवं सरकार आलं तवा पोलिसांला गाड्या नव्हत्या, म्हणून या बनवल्या."

"मग काय करायचे हिच्यात?"

"गस्त घालायचे. रस्त्यावर उभं राहायचे."

"मग ठीक हाय," अक्का म्हणाली, आणि काम घेतलं.

तीन महिने ती त्या गाडीवर होती. जुन्या पडद्याचा प्रत्येक तुकडा उसवून तिनं कागदावर ठेवला, त्यावरून माप काढलं. कापड दोनदा परत पाठवलं, पाणी झिरपतंय म्हणून. सीटा काथ्यानं भरल्या. पडद्याच्या कडेला दुहेरी शिवण घातली, इतकी सरळ की आमच्यातला आप्पाराव पेंटर पट्टी लावून बघून गेला. हूड पहिल्यांदा वर चढला त्या दिवशी ती आत जाऊन बसली आणि बराच वेळ वर बघत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, शिवण बघायलेय."

एका गुरुवारी दुपारी मामा गाणगापूरहून दर्शन करून थेट इकडं आले. कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा. मला पेढा हातात दिला. अक्काला वरून टाकला. तिनं तो झेलला आणि तसाच मुठीत धरून उभी राहिली.

मामांनी गाडीवरून हात फिरवला. "झकास झाल्याय. पण एक कमी हाय. हिला गोष्ट न्हाई."

"कसली गोष्ट?" अक्कानं विचारलं.

"रस्त्यावर उभं राहणाऱ्या पोलिसाची गाडी कोण घेतंय? पुढच्या महिन्यात हैदराबादला प्रदर्शन हाय, बाहेरदेशाची माणसं यायलेत. त्यांला लढाईच्या आधीची पाहिजे. नंबर घासून टाकू, जुन्या सालाची पट्टी मी करून घेतल्याय. हिटलरवाल्यांचं गरुडाचं चिन्ह बी केलंय. तू काय करायचंस, त्या पडद्याला गोळीचं भोक पाडायचं आन वरून जुनं दिसंल असं ठिगळ मारायचं. पुढच्या सीटच्या मागं बेडी बसवू. आन मागच्या सीटवर डाग पाहिजे. रक्ताचा."

मामा पेढा खात बोलत होते. बोटाला लागलेला खवा चाटून ते पुढं म्हणाले, "रंगाचा डाग कळतोय. खरं रक्त कसं काळं पडतंय, ताठ होतंय, तसं पाहिजे. बोकडाचं आणून वत. आमाला त्यातलं काय कळत न्हाई, आमी अंडं बी शिवत न्हाई. तुमच्यात चालतंय की. कुठं मिळतंय ते तुला ठाव असंल."

अक्कानं विचारलं, "आन ते रक्त कुणाचं म्हणून सांगणार, अप्पा?"

"ज्यू लोकांचं म्हणायचं. लई मारले न्हाई का त्यांला? त्याला मागणी हाय."

मामा हसले. मीही हसलो. मला हसू आलं नव्हतं. मामा हसले म्हणून हसलो.

अक्कानं पेढा मशीनच्या कडेला ठेवला. "मी न्हाई करणार," ती म्हणाली.

"कामून?"

"न्हाई करणार, म्हणलं न्हवं."

"बघ बाई," मामा म्हणाले, "तू न्हाई तर दुसरं कुणी करंल." आणि आपल्या मोटारीत बसून निघून गेले.

अक्का नळावर गेली. कपड्याच्या पावडरनं तिनं हात धुतले, पुन्हा पावडर घेतली, पुन्हा धुतले. पेढा मुंग्यांना टाकला. मी तिथंच घुटमळत होतो, काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "मामा तसंच बोलतेत. मनावर घेऊ नको."

"अण्णा, उंदराची पिल्लं काढली तवा मला काय झालं न्हाई. आता हात कितीबी धुतले तरी घाण जाईना," ती म्हणाली. मग नळाच्या कट्ट्यावर बसून तिनं बापाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मला माहीत नव्हती.

ती अकरा वर्षांची असताना शेजारच्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून भांडण झालं. दगड दुसऱ्यांनी मारले, पण पोलिसांनी नऊ माणसं उचलली ती अक्काच्या जातीच्या गल्लीतली. पाहुणा म्हणून गेलेला ग्यानबा त्यात होता. त्यांना जीपमध्ये आडवं टाकलं आणि वर पाय ठेवून पोलिस बसले. त्या जीपचा हूड दोन आठवड्यांपूर्वी ग्यानबानंच शिवून दिला होता. तो सगळा रस्ता वर आपल्याच टाक्यांकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा त्याची दोन बोटं मोडलेली होती.

"घरी आल्यावर कुणी मारलं, कशानं मारलं, काय सांगितलं न्हाई," अक्का म्हणाली. "म्हणला, एका जागी टाका सुटलाय, पावसाळ्यात गळंल. ते सारखं म्हणायचा. माय रडायची आन तो तेवढंच म्हणायचा. आता हे मामा तसल्या रक्ताची शोभा करायलेत. आन ते बी खोटं."

मी मान डोलावली. "खरं हाय," म्हणालो. घरी गेलो, जेवलो.

शनिवारी मामांचा फोन आला. "संगमेश, तू बघ की जरा. एवढं काम हाय का ते?" मी नाही म्हणू शकलो असतो. त्यांच्या मिलचे नऊ ट्रक माझ्याकडून सामान घेतात हे कारण मी नंतर स्वतःला देत राहिलो, पण फोनवर ते माझ्या डोक्यातही नव्हतं. मोठ्या माणसानं सांगितलं आणि मी हो म्हणालो, एवढंच.

रविवारी सकाळी मी खाटकांच्या गल्लीत गेलो. जन्मात पहिल्यांदा. नाकाला रुमाल लावून, कूलंटची रिकामी बाटली घेऊन. दुकानदारानं विचारलं, "मटण न्हाई, नुसतं रक्तच?" मी हो म्हटलं. त्यानं माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. बाटली गरम होती. अजून हातात ती ऊब कधी कधी येते आणि मला हात धुवावासा वाटतो.

शेडची एक चावी माझ्याकडं असायची, गिऱ्हाईक रविवारी आलं तर सामान देता यावं म्हणून अक्कानंच दिलेली. त्या चावीनं मी कुलूप काढलं. आप्पाराव पेंटरला मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं पडद्याला तापलेल्या सळईनं भोक पाडलं, ठिगळ चिकटवलं, बेडी बसवली. मग मागच्या सीटवर बाटली ओतली आणि फडक्यानं खाली ओघळ काढले. "असं बसलेला माणूस असं पडंल, मग असं वाहंल," तो समजावत होता. त्याला त्यात कलाकुसर दिसत होती. मी दारात उभा राहून रस्त्यावर लक्ष ठेवत होतो.

सोमवारी सकाळी शेड उघडायच्या आधीच माश्यांचा आवाज येत होता. मी दुकानात पाठमोरा बसून खिळे मोजत राहिलो. अक्कानं शटर वर केलं. मग तिनं फोन करून प्रेरणाला बिदरहून बोलावून घेतलं. तोवर ती गाडीजवळ गेली नाही, बाहेर दगडावर बसून राहिली.

साडेअकराला प्रेरणा आली. दोघी ब्लेड घेऊन आत गेल्या आणि उसवायला लागल्या. आधी हूड. मग चारही पडदे. मग पुढच्या सीटा. तीन महिन्यांचं काम. एक एक टाका कापायचा, दोरा ओढायचा, कापड फाटू द्यायचं नाही. ऑटोनगरातली माणसं येऊन बघून गेली. कुणी विचारलं, "अक्का, हे काय करायलीस?" तर ती म्हणायची, "माझी शिवण काढायलेय." मागची सीट तिनं शेवटी घेतली, प्रेरणाला लांब उभं करून, उघड्या हातानं. रक्त आत काथ्यापर्यंत गेलं होतं, वास सुटला होता. ते कव्हरही तिनं नीट उसवलं.

चार वाजता सगळं कापड घड्या घालून गाडीत ठेवलेलं होतं आणि गाडी नुसता हिरवा सांगाडा झाली होती. दोऱ्यांचा ढीग तिनं मागं नेऊन जाळला.

मामा संध्याकाळी आले. मी त्यांना इतकं तापलेलं कधी बघितलं नव्हतं. पुष्कळ बोलले. त्यातलं काही मी इथं लिहिणार नाही, जातीवरून होतं. अक्का ऐकत होती. ते थांबल्यावर म्हणाली, "कापड तुमचं हाय, मोजून घ्या. शिवण माझी होती, ती मी काढून घेतली. माझे काय द्यायचे ते बी नको. गाडी आज इथनं हलवा."

गाडी ट्रकवर चढवून हैदराबादला नेली. तिथं कुणाकडून तरी घाईनं शिवून घेतली. प्रदर्शनाला मामांनी मलाही बोलावलं आणि मी गेलो. मोठं मैदान, मंडप, चकचकीत गाड्या. आमच्या गाडीपुढं सगळ्यांत जास्त गर्दी. ज्यूंच्या रक्ताची गोष्ट सांगणारी इंग्रजी पाटी, गरुडाचं चिन्ह, मागच्या सीटवर काळा डाग. माणसं रांग लावून आत बसत होती आणि बेडीत हात घालून फोटो काढून घेत होती. एका बापानं आपल्या चारपाच वर्षांच्या मुलीला डागावर बसवलं, तिच्या मनगटात बेडी अडकवली आणि म्हणाला, "रडल्यासारखं कर." मुलीला खरंच रडू यायला लागलं. बाजूचे हसत होते. मला तिथं आप्पारावचा आवाज आठवला, असं बसलेला माणूस असं पडंल. मी मंडपाच्या मागं जाऊन ओकलो.

परत आलो तेव्हा तात्याराव म्हणून पुण्याचे एक म्हातारे गृहस्थ गाडीजवळ वाकलेले होते. जुन्या गाड्यांतलं त्यांना फार कळतं असं लोक म्हणत होते. त्यांनी मागचं इंजिन बघितलं, पडद्याच्या पट्ट्या बघितल्या, दोन मिनिटांत सरळ झाले आणि मामांना म्हणाले, "ही लढाईनंतरची आहे. लढाईच्या आधी ही बनतच नव्हती. अशा फार थोड्या राहिल्या असतील. तुम्ही आहे तशी ठेवली असती तर मीच मागितली असती." मग त्यांनी सीटला हात लावला, बोटं नाकाजवळ नेली, आणि रुमालानं पुसून रुमाल तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. नमस्कार न करता गेले. दुपारपर्यंत आयोजकांनी पाटी काढली. बेडी राहिली, आणि रांगही राहिली. गाडी मात्र कुणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अक्काच्या शेडमध्ये गेलो आणि उभ्यानंच सांगून टाकलं की रक्त मी आणलं होतं.

तिनं मशीन थांबवलं नाही. "ठाव हाय," म्हणाली. "बाटलीचं झाकण सीटखाली पडलं होतं. तुमच्या दुकानातलं. आन कुलूप तुटलेलं नव्हतं."

"मग तवाच बोलली कामून न्हाई?"

"तुमाला काय बोलायचं, अण्णा? मामाला कळत न्हाई. तुमाला तर कळतंय." थोडं कापड पुढं सरकवून ती म्हणाली, "चावी तेवढी द्या."

मी चावी दिली. आता ती समोरच्या नागेश वेल्डरकडं असते. अक्का माझ्याशी बोलते. खिळे, स्क्रू लागले तर माझ्याकडूनच घेते, रोख देते आणि चहाला नको म्हणते. आप्पाराव पेंटर तिच्या शेडवरून जाताना दुसऱ्या बाजूनं जातो.

यंदा उन्हाळ्यात मामा पुन्हा आले होते. गाडीतून वास येतोय, काथ्यात अळ्या पडल्यात, कलबुर्गीतलं कुणी हात लावायला तयार नाही. गरुड काढतो, बेडी काढतो, जशी होती तशी कर, असं ते या वेळी बरंच नरमाईनं म्हणत होते. पेढे आणले नव्हते.

अक्का ऊसतोडणीच्या मशीनची ताडपत्री पसरून तिच्यावर गुडघ्यांनी चालत खडूनं खुणा करत होती. तिनं वर बघितलं. "अप्पा, ती सीट तुमी सोता उघडा," ती म्हणाली. "हातानं सगळं काढा, धुवा, वाळवा. मग आणा. मग बघू करायचं का न्हाई ते."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी या वेळी हसलो नाही, आणि काही बोललोही नाही. ते गेले, ते अजून आलेले नाहीत. अक्कानं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताडपत्री पुरी केली.